औषध नावाचे विष

झाशीचे नाव काढले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे एकच चित्र उभे राहते, आणि ते साहजिकच आहे. पण माझ्यासारख्या सरकारी नोकराला त्या किल्ल्याच्या आसमंतात दिवस काढावे लागतात ते खसरा-खतौनी, कालव्याचे पाणी आणि दुष्काळाचे पंचनामे यांच्या संगतीत. आजचा विषय मला अशाच एका फेरीत भेटला. झाशीजवळ बिजौली म्हणून गाव आहे. तेथे आता औद्योगिक वसाहत झाली असली तरी कारखान्यांच्या पत्र्यांपलीकडे अजून उडदाची आणि तिळाची शेते आहेत. सात-आठ वर्षांपूर्वी, भाद्रपदातल्या एका दुपारी, तेथल्या एका बांधावर माणसांचा घोळका दिसला म्हणून मी गाडी थांबविली.

घोळक्याच्या मध्ये तिशीतला एक शेतमजूर बसला होता. बसला होता म्हणण्यापेक्षा दोघांनी त्याला धरून बसविले होते. अंगातून घामाच्या धारा लागल्या होत्या, तोंडातून लाळ गळत होती आणि दंडाचे स्नायू कातडीखाली आपोआप फडफडत होते. एकीकडे फवारणीचा पंप पडला होता. तो पाठीवर गळत असावा, कारण सदऱ्याची मागची बाजू ओलीचिंब होती आणि तिला उग्र वास येत होता. 'गर्मी लग गई, साहब,' एकाने सांगितले. कोणी ताक आणले होते, कोणी कांदा हुंगवीत होता. मी तेथल्या एका म्हाताऱ्याला विचारले, 'कक्का, सकाळपासून हा काय फवारत होता?' ते म्हणाले, 'दवाई.'

आम्ही त्याला गाडीत घातले आणि झाशीच्या एका रुग्णालयात नेले. तरुण डॉक्टरांनी प्रथम विजेरीने त्याचे डोळे पाहिले. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या. लगेच त्यांनी त्याचा सदरा फाडून काढला, अंग साबणाने धुवायला सांगितले आणि शिरेतून ॲट्रोपिन सुरू केले. मग आमच्याकडे वळून विचारले, 'काय होते?' आम्ही म्हणालो, 'दवाई.' 'ते कळले, पण कोणती?' याचे उत्तर आमच्यापैकी एकाजवळही नव्हते. पहिल्या उपचाराला लक्षणे पुरेशी होती. पुढच्या उपचाराला नाव हवे होते. मी चालकाला पुन्हा बिजौलीला पाठविले. तासाभराने तो पाच लिटरचा एक पांढरा कॅन घेऊन आला. त्यावरचा कागद अर्धा खरवडला गेला होता, पण उरलेल्या अर्ध्यावर चौकटीत तांबडा त्रिकोण होता, वर कवटी होती आणि खाली नाव होते: मोनोक्रोटोफॉस, ३६ टक्के.

मी इतिहासाचा एम. ए. रसायनशास्त्राशी माझा संबंध शाळेतच संपला. परंतु त्या दुपारपासून ते दोन शब्द, कॅनवरचा आणि कक्कांच्या तोंडातला, माझ्या मनातून गेले नाहीत. आपल्या मराठीतही तीच गत आहे. विदर्भातला शेतकरी कपाशीवर 'औषध मारतो', नाशिककडचा द्राक्षांवर 'औषध फवारतो', आणि कृषी केंद्राच्या दुकानात आपण जाऊन 'अळीचे औषध' मागतो. त्यात कोणाची लबाडी नाही. पीक आजारी पडले, त्याला बरे करणारे ते औषध, इतका सरळ हिशेब त्यामागे आहे. तथापि औषध म्हटले की हात आपोआप सैल पडतो. औषध थोडे सांडले तर चालते, बोटाने ढवळले तर चालते, घरात फळीवर ठेवले तर उलट बरेच.

हे औषध शरीरात काय करते ते मी माझ्या कचेरीच्या भाषेत सांगतो. आपण हात उचलावयाचा ठरवितो तेव्हा मज्जातंतूच्या टोकाशी ॲसिटिलकोलीन नावाचे द्रव्य किंचित सुटते आणि स्नायूला हुकूम पोचविते. हुकूम पोचला, काम झाले, की ते द्रव्य तत्काळ नाहीसे करावे लागते. नाहीतर स्नायू तोच हुकूम पुनःपुन्हा पाळीत बसेल. हे काम ॲसिटिलकोलिनेस्टरेज नावाचे विकर करते. कचेरीत कागदावर 'निकाली' असा शिक्का मारणारा एक कारकून असतो ना, तसे हे विकर समजा. ऑर्गॅनोफॉस्फेट वर्गातली विषे या एकाच कारकुनाचे हात बांधतात. मग एकही हुकूम निकाली निघत नाही. लाळेच्या ग्रंथी लाळ सोडीतच राहतात, डोळे पाझरतात, पोटात मुरडा येतो, छातीत कफ दाटतो, बाहुल्या आवळल्या जातात. स्नायू आधी फडफडतात आणि मग थकून लुळे पडतात. ज्या स्नायूंनी श्वास चालतो तेही शेवटी थांबतात, आणि मृत्यू येतो तो बहुधा त्या वाटेने.

ॲट्रोपिन त्या कारकुनाला सोडवीत नाही. ते फक्त हुकूम पोचण्याची दारे बंद करते, त्यामुळे कफ आटतो, नाडी सुधारते आणि रोग्याला श्वास घेण्याची सवड मिळते. आपल्याकडच्या धोतऱ्यातही हेच द्रव्य असते. धोतरा बाधलेल्या माणसाचे तोंड कोरडे पडते आणि बाहुल्या मोठ्या होतात, म्हणजे बिजौलीच्या त्या मजुराच्या अगदी उलट. (हे ऐकून कोणी धोतऱ्याच्या बियांकडे वळू नये. त्यांत द्रव्य किती असेल याचा काही भरवसा नाही, आणि दोन विषांची बेरीज शून्य होत नाही.) बांधलेला कारकून सोडविण्यासाठी प्रॅलिडॉक्सिम, म्हणजे डॉक्टर ज्याला 'पॅम' म्हणतात, ते द्यावे लागते, पण गाठ पक्की होण्यापूर्वी. ही गाठ काही विषांत दिवसभराने पक्की होते, काहींत काही तासांत, आणि सोमान नावाच्या एका विषात अवघ्या काही मिनिटांत. डॉक्टरांना नाव हवे होते ते यासाठी. शिवाय कार्बामेट म्हणून कीटकनाशकांचा दुसरा एक वर्ग आहे. त्याची लक्षणे हुबेहूब अशीच असतात, पण त्यातली गाठ आपोआप सुटते.

सोमान हे नाव शेतीच्या दुकानात मिळत नाही. ते युद्धाच्या कोठारातले आहे, आणि तरीही ते आपल्या कॅनमधल्या औषधाचे सख्खे भाऊबंद आहे. हे कुळ एकाच घरात वाढले. १९३६ च्या डिसेंबरात जर्मनीत लेव्हरकुझेन येथे गेरहार्ड श्राडर हा रसायनज्ञ पिकांवरच्या किडीसाठी नवे द्रव्य शोधीत होता. त्याला जे सापडले त्याने कीड तर मेलीच, पण काही दिवसांनी स्वतः श्राडरच्या व त्याच्या मदतनिसाच्या बाहुल्या आवळल्या आणि दम लागू लागला. शेतीसाठी निरुपयोगी ठरलेले हे द्रव्य लष्कराने उचलले. त्यालाच टॅबून म्हणतात. १९३८ मध्ये सारिन निघाले आणि १९४४ मध्ये रिखार्ड कून याच्याकडून सोमान. त्याच श्राडरने पॅराथिऑनही शोधले आणि तो मार्ग मात्र शेताकडे गेला. आपल्याकडे ते 'फॉलिडॉल' या नावाने आले. युद्धानंतर इंग्लंडात रणजित घोष या आपल्याच नावाच्या रसायनज्ञाने कोळ्यांवर चालणारे ॲमिटॉन शोधले. ते पन्नाशीच्या दशकात विक्रीला आले, फार विषारी म्हणून मागे घेतले गेले, आणि त्याच घराण्यातून पुढे व्हीएक्स हे युद्धविष तयार झाले. म्हणजे प्रत्येक वेळी शोध किडीचा चालला होता. हाती आलेले द्रव्य कोठारात जावयाचे की दुकानात, एवढेच माणसाने ठरविले.

या दोन वाटांना दोन वेगवेगळी वर्गीकरणे लागू होतात. एक युद्धाच्या कायद्याचे. १९९३ साली पॅरिस येथे सह्यांसाठी खुला झालेला रासायनिक अस्त्रबंदीचा करार २९ एप्रिल १९९७ पासून अमलात आला. त्यात द्रव्यांच्या तीन सूची आहेत: पहिलीत सारिन, सोमान, टॅबून, व्हीएक्स, दुसरीत ॲमिटॉनसारखी, ज्यांचा अन्य उपयोग थोडा आणि धोका मोठा, तिसरीत उद्योगांत मोठ्या प्रमाणावर लागणारी. परंतु कराराचा खरा कणा सूचीत नाही. कोणतेही विषारी द्रव्य, सूचीत असो वा नसो, माणसाला मारण्याच्या हेतूने बाळगले की ते अस्त्र, असे तो म्हणतो. भारताने आपल्याजवळचा साठा जाहीर केला आणि २००९ पर्यंत तो नष्ट केला. झाशीहून शंभर किलोमीटरवर, ग्वाल्हेरला, संरक्षण खात्याची जी प्रयोगशाळा अशा विषांची ओळख आणि त्यांपासून बचाव यांवर काम करते, तिच्या इमारतीवरून मी कितीदा गेलो असेन. पण तिच्या कामाचा बिजौलीच्या उडदाशी काही संबंध असेल असे कधी मनात आले नव्हते. २० मार्च १९९५ रोजी टोकियोच्या भुयारी रेल्वेत सारिन सोडण्यात आले, चौदाजण दगावले, हजारो बाधित झाले. त्यांना तेथल्या डॉक्टरांनी जे दिले ते ॲट्रोपिन आणि पॅमच. रोग्यांचे कपडे वेळेवर न उतरविल्यामुळे कित्येक डॉक्टर व परिचारिकांनाही बाधा झाली. झाशीच्या त्या डॉक्टरांनी आधी सदरा का फाडला ते मला हे वाचल्यावर उमगले.

दुसरे वर्गीकरण शेताच्या कायद्याचे, आणि ते हेतू विचारीत नाही. ते उंदराला विचारते. एखाद्या द्रव्याची किती मात्रा दिली असता प्रयोगातले निम्मे उंदीर मरतात, ते उंदराच्या वजनाच्या दर किलोमागे मिलिग्रॅममध्ये मोजतात. आपल्या १९७१ च्या कीटकनाशक नियमांप्रमाणे ही मात्रा तोंडावाटे १ ते ५० असेल तर त्रिकोण तांबडा, ५१ ते ५०० असेल तर पिवळा, ५०१ ते ५,००० निळा आणि त्यापुढे हिरवा. कातडीवाटे जाणाऱ्या मात्रेचे आकडे वेगळे आहेत. जागतिक आरोग्य संघटनेची वर्गवारीही याच तत्त्वावर आहे. मोनोक्रोटोफॉसचा आकडा १४ च्या आसपास आहे, क्लोरपायरिफॉसचा १३५ च्या, मॅलॅथिऑनचा दोन हजारांच्या वर. एकाच कुळातले तीन भाऊ तीन रंगांचे कसे, ते यावरून कळेल. आकडा जितका लहान तितके विष जहाल, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. आमच्या कचेरीत हे एकदा उलटे समजून घेतलेले मी पाहिले आहे.

हे वर्गीकरण निरुपयोगी आहे असे मी म्हणणार नाही. त्या तांबड्या त्रिकोणाने एका माणसाच्या उपचाराला दिशा दिली, ती मी डोळ्यांनी पाहिली. पण ते काय मोजते आणि काय मोजीत नाही, हे आपण नीट समजून घेतले पाहिजे. ते एका वेळची मात्रा मोजते. फवारणारा माणूस मात्र आठ दिवस ओळीने फवारतो, आणि बांधल्या गेलेल्या विकराच्या जागी शरीर नवे विकर तयार करते ते कित्येक आठवड्यांनी. सोमवारी थोडे हात बांधले, मंगळवारी आणखी थोडे. शनिवारी जी मात्रा त्याला आडवे करते ती सोमवारी कदाचित नुसती डोकेदुखी झाली असती. ते शुद्ध द्रव्य मोजते. शेतावर एका पिंपात दोन-तीन औषधे एकत्र कालविली जातात. आणि प्रयोगशाळेतल्या उंदराच्या पाठीवर गळका पंप नसतो.

द्रव्य साठवणीत बदलते ते तर निराळेच. १९७६ साली पाकिस्तानात हिवतापाच्या मोहिमेत मॅलॅथिऑन फवारीत होते. या कुळातले ते सौम्य म्हणून नावाजलेले. साडेसात हजार फवारणाऱ्यांपैकी सुमारे २,८०० जणांना विषबाधा झाली आणि पाचजण मेले. पुढे आढळले की काही मालात आयसोमॅलॅथिऑन नावाची भेसळ साठवणीतच तयार झाली होती, आणि मॅलॅथिऑन पचवून टाकण्याची शरीराची जी शक्ती, तीच या भेसळीने बंद पाडली होती. कागदावरचा वर्ग बरोबर होता. पिशवीतला माल त्या वर्गातला उरला नव्हता.

आता यवतमाळकडे येतो. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करणारे शेतकरी आणि शेतमजूर एकामागून एक आजारी पडू लागले. ऑक्टोबरपर्यंत त्या एका जिल्ह्यात वीसहून अधिक माणसे मृत्यू पावली आणि आठशेहून अधिक रुग्णालयांत दाखल झाली. काहींची दृष्टी अधू झाली. त्या वर्षी बोंडअळीचा जोर होता आणि कपाशी माणसाच्या डोक्याला लागेल इतकी उंच व दाट वाढली होती. कमरेएवढ्या झाडावर फवारा खाली जातो; डोक्याएवढ्या झाडावर तो हात उंच करून मारावा लागतो आणि अर्धा आपल्याच तोंडावर येतो. त्यात विजेरीवर चालणारे नवे पंप. त्यांचा फवारा धुक्यासारखा बारीक, म्हणून कामाला जलद आणि श्वासाला घातक. हवा दमट, अंगाला घाम. ओल्या कातडीतून विष लवकर आत जाते. रबरी हातमोजे आणि मुखपट्टी वापरा असे छापलेले असते, पण भर उन्हात रोजंदारीवर काम करणाऱ्याने ती कोठून आणावी आणि अंगावर कशी सोसावी, हे छापणाराने कधी स्वतः करून पाहिले असेल असे वाटत नाही.

शासनाने विशेष चौकशी पथक नेमले आणि यवतमाळ, अकोला, अमरावती, बुलढाणा व वाशीम या पाच जिल्ह्यांत पाच कीटकनाशकांच्या विक्रीवर साठ दिवसांची बंदी घातली. ती यादी वर्गीकरणाच्या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. तीत मोनोक्रोटोफॉस होते, ते तांबड्यातले. प्रोफेनोफॉस होते, ते याच कुळातले, पण त्याहून सौम्य समजले जाणारे, आणि तेही दुसऱ्या द्रव्याशी मिसळलेले. ॲसिफेट होते, ते आणखी सौम्य. डायाफेन्थ्युरॉन आणि फिप्रोनिल-इमिडाक्लोप्रिडचे मिश्रण तर या कुळातलेच नव्हे. त्यांच्यावर पॅमचा काही उपयोग नाही. आता त्या रुग्णालयातल्या डॉक्टराच्या जागी उभे राहून पाहा. दारात रोग्यांची रांग आहे, प्रत्येकाने निराळ्या मिश्रणाचा फवारा मारलेला आहे, आणि विचारले तर प्रत्येकजण सांगतो, 'औषध मारत होतो.'

हा कायदा तरी कोठून आला? तोही एका अपघातातूनच आला. १९५८ साली केरळात गव्हाच्या पिठाचे पदार्थ खाऊन शंभरांहून अधिक माणसे मेली. ते पीठ आणि फॉलिडॉल एकाच जहाजातून आले होते. डबे गळले आणि पोती भिजली. मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती जे. सी. शहा यांच्या चौकशी आयोगाच्या अहवालानंतरच्या विचारमंथनातून १९६८ चा कीटकनाशक कायदा झाला. मध्ये दहा वर्षे गेली. सरकारी कामाचा मला अनुभव असल्यामुळे या दहा वर्षांचे मला आश्चर्य वाटत नाही, वाईट वाटते. मोनोक्रोटोफॉसच्या ३६ टक्के द्रावणाचे उत्पादन व विक्री थांबविण्याचा आदेश २०२३ मध्ये निघाला. त्याआधी, १६ जुलै २०१३ रोजी, बिहारमधल्या सारण जिल्ह्यात धर्मासती गंडामन या गावी शाळेतले दुपारचे जेवण जेवून तेवीस मुले गेली. स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस निघाले.

बिजौलीचा मजूर वाचला. सहाव्या दिवशी तो घरी गेला. माझ्यापुढे मग एक छापील नमुना आला, आणि त्यात बाधेचे कारण लिहावयाचे होते: सर्पदंश, वीज, बुडणे, आग, इतर. कारकुनाने 'इतर' पुढे 'गर्मी' असे लिहून आणले होते. मी ते खोडून 'कीटकनाशकाची विषबाधा, मोनोक्रोटोफॉस' असे लिहिले. त्यावर एक चौकशीचे पत्र आले, त्याला मी उत्तर दिले, आणि पुढे ते प्रकरण 'निकाली' निघाले.

तो कॅन बरेच दिवस माझ्या कचेरीत, कपाटाच्या मागे पडून होता. महिन्याभराने त्या मजुराची बायको आली. मला वाटले, मदतीच्या पैशांविषयी विचारायला आली असेल. ती म्हणाली, 'भइया, वो डब्बा लौटा दो.' कॅन चांगला होता. झाकण घट्ट बसत होते. धुऊन घेतला की त्यात पाच लिटर तेल राहिले असते, आणि बाजारात असा कॅन विकत घ्यावयाचा तर पैसे पडतात. मी तिला सारणच्या त्या शाळेची हकीकत सांगितली. तिने ती लक्ष देऊन ऐकली, आणि मग म्हणाली की आपण गरम पाण्याने तीन वेळा धुऊन घेऊ.

नियमांत लिहिलेले आहे की रिकामे डबे फोडून वस्तीपासून दूर पुरावेत. शिपायाला मी लोखंडी पहार आणावयास सांगितली आणि तिच्यादेखत त्या कॅनला चार भोके पाडविली. ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी बाजारातून तेलाचा एक कोरा डबा घेऊन मी बिजौलीला पाठविला. तो पोचला असे चालकाने सांगितले. त्यात तिने काय ठेवले ते मी विचारले नाही.